आठ थ्रेड लावूनही अडीचपटच?

1 कोटी आकड्यांचं मर्ज सॉर्ट (यादी निम्मी-निम्मी तोडायची आणि क्रमाने लावलेले तुकडे परत जोडत, म्हणजे मर्ज करत, जायचं), लॅपटॉपवर 8 थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आणि वेग जेमतेम अडीचपट. कोड चुकलाय का, 16 कोअरचं (प्रोसेसरमध्ये काम करणारे 16 भाग असलेलं) मशीन घेऊ का, असं विचारलंयस. कोड बहुधा बरोबर आहे, तुझी अपेक्षा चुकलीय.

तूच लिहिलंयस की कोअर 4 आहेत. बाकीचे 4 नुसते हायपरथ्रेडिंगचे, म्हणजे त्याच कोअरचे वाटेकरी. त्यामुळे 8 विसर. आता कागदावर मांड. 1 कोटीला निम्मं-निम्मं करत एका आकड्यापर्यंत यायला साधारण 23 पातळ्या, आणि दर पातळीला सगळ्या आकड्यांवरून एक फेरी, म्हणजे एकट्या थ्रेडला 23 फेऱ्यांचं काम. चौघांत वाटलंस तरी शेवटचं मर्ज एकटाच थ्रेड करतो: 1 फेरी. त्याआधीचं दोघं मिळून: अर्धी. उरलेल्या 21 चौघांत: सव्वापाच. बेरीज पावणेसात. 23 भागिले पावणेसात म्हणजे 3.4. चार कोअरचं मशीन कितीही गुणी असलं तरी याच्या वर जाणार नाही. तुझे 2.5 या 3.4 शी ताडून बघ, 8 शी नको.

मधली तूट बरीचशी मेमरीची असावी. चार-चार बाइटचे 1 कोटी आकडे म्हणजे 40 एमबी, मर्जला तेवढीच दुसरी जागा. एवढं लॅपटॉपच्या कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावत नाही. आमच्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग होते. आडव्या धाग्याच्या कांड्या भरून आल्या नाहीत की माग चालू असूनही नुसते उभे! रॅममधून डेटा येईपर्यंत कोअरची तीच गत.

आणि हो, वेळ कधी मोजलीस? सोलापूरच्या एप्रिलमधल्या दुपारी, पंख्याखाली? चारही कोअर जोरात चालले की चिप तापते आणि क्लॉक (कोअरचा वेग) उतरतो. माझा याच पायी एक अख्खा आठवडा गेला. सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळेनात, मी कोड उचकत बसलो. पहाटे मोज. 1, 2, 4, 8 थ्रेडवर प्रत्येकी दहादा चालव, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घे, सरासरी नको. आणि तुलना तुझ्याच कोडच्या एका थ्रेडशी करू नकोस, सी प्लस प्लसच्या तयार सॉर्टशी कर. तिथे अडीचपटातलं बरंचसं गळून पडेल, तयारी ठेव.

16 कोअरवर हाच हिशेब साडेसातपटीला अडतो. म्हणून पैसे घालण्याआधी शेवटचं मर्ज फोड: एका अर्ध्याचा मधला आकडा घे, बायनरी सर्चने (दर वेळी निम्मी यादी बाद करत) दुसऱ्या अर्ध्यात त्याची जागा शोध, डावं-उजवं वेगळ्या थ्रेडला दे. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. झालं की आकडे इथे टाक.