वाचकांचे प्रश्न : बिघाड रेप्लिकावरही पोहोचला, आता मागे कसे जायचे?

प्रश्न : हायपर-व्हीवरच्या (मायक्रोसॉफ्टचे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) आमच्या डेटाबेस सर्व्हरची रेप्लिका, म्हणजे ताजी होत राहणारी प्रत, दर ५ मिनिटांनी दुसऱ्या होस्टवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) जाते. सकाळी १० वाजता चुकीच्या अपडेटने डेटा बिघडला, लक्षात आले दुपारी. सकाळी ९ची स्थिती मिळेल का?

उत्तर : रेप्लिकेशन लावताना जादा रिकव्हरी पॉइंट (मागे जाता येईल अशा ठरावीक वेळेच्या प्रती) ठेवायला सांगितले असतील तर मिळेल. नुसता शेवटचा पॉइंट ठेवला असेल, तर रेप्लिकावरही तोच बिघडलेला डेटा आहे. सेटिंग आता बदलून गेलेले तास परत येणार नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ आर२पासून तासाला एक या हिशेबाने २४ तासांपर्यंतचे पॉइंट ठेवता येतात. नवा आला की सर्वांत जुना गळतो, तेव्हा फार वेळ घालवू नका.

फेलओव्हर म्हणजे मूळ मशीनऐवजी रेप्लिकावरून काम सुरू करणे. त्यातला प्लॅन्ड फेलओव्हर मात्र चुकूनही वापरू नका. तो उरलेसुरले बदलही पाठवतो, म्हणजे बिघाडासकट. रेप्लिकाच्या होस्टवर आधी टेस्ट फेलओव्हर घ्या आणि यादीतून ९ च्या आसपासचा पॉइंट निवडा. नावाला ‘टेस्ट’ जोडलेले वेगळे मशीन तयार होते; नेटवर्क तुम्ही जोडल्याशिवाय जोडले जात नाही आणि रेप्लिकेशनही थांबत नाही. डेटाबेस उघडून तपासा. व्हीएसएसच्या (डेटा सुसंगत स्थितीत आणून प्रत घेणारी विंडोजची सोय) मदतीने घेतलेला पॉइंट मिळाला तर तोच घ्या. बाकीच्या पॉइंटवरून मशीन उठते ते अचानक वीज गेल्यानंतर उठावे तसे, आणि डेटाबेसला आपल्या लॉगवरून सावरावे लागते.

पॉइंट पटला की टेस्ट बंद करा, मूळ मशीन बंद करा (दोन्ही चालू राहिली तर एकाच आयपीवरून भांडण ठरलेले) आणि खरा फेलओव्हर त्याच पॉइंटवर करा. नंतर वेगळा पॉइंट हवासा वाटला तर ‘कॅन्सल फेलओव्हर’ करून पुन्हा निवडता येतो. मधल्या काळात झालेल्या नोंदी मात्र जातात. ‘रिमूव्ह रिकव्हरी पॉइंट्स’ दाबले की ही वाट बंद. अनेकजण नेमके इथे घाई करतात. उलट दिशेचे (आता चालू झालेल्या मशीनकडून जुन्या होस्टकडे) रेप्लिकेशनही सगळे तपासून झाल्यावरच सुरू करा.

प्रश्न : व्हीस्फिअर रेप्लिकेशन ८मध्ये (व्हीएमवेअरची अशीच सोय) रोज ६ याप्रमाणे ५ दिवसांच्या प्रती मागितल्या, घेत नाही.

उत्तर : ६ गुणिले ५ म्हणजे ३०, आणि मर्यादा २४ची. ४ दिवस ठेवा. आरपीओही (दोन प्रतींमधले जास्तीत जास्त अंतर) ४ तास किंवा त्याहून कमी हवा, नाहीतर दिवसाला ६ प्रती जमणारच नाहीत. परत आणताना ‘ताजे बदल सिंक करा’ऐवजी ‘उपलब्ध शेवटचा डेटा’ हा पर्याय निवडा. जुन्या प्रती त्या मशीनच्या स्नॅपशॉटच्या (त्या क्षणाच्या जतन केलेल्या स्थितीच्या) रूपात दिसतील. हव्या त्यावर रिव्हर्ट करा आणि नेटवर्क हाताने जोडा. काम झाल्यावर उरलेले स्नॅपशॉट काढून टाका, लांब साखळीने डिस्क मंदावते.

प्रश्न : डोमेन कंट्रोलरलाही (नेटवर्कमधली खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) हेच लागू?

उत्तर : त्यात विंडोज सर्व्हर २०१२ किंवा पुढची आवृत्ती असेल आणि हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) व्हीएम-जनरेशन आयडी (मशीन मागे नेले की बदलणारी ओळख) देत असेल, तर तो मागे गेल्याचे स्वतः ओळखतो आणि सावरतो. जुन्या आवृत्तीत यूएसएन रोलबॅक होतो, म्हणजे बदलांना दिलेले अनुक्रमांक मागे जातात : इतर कंट्रोलर त्याचे नवे बदल आधीच मिळालेले समजून सोडून देतात. दुसरा चांगला कंट्रोलर शिल्लक असेल तर याला मागे नेण्यापेक्षा नवा उभा करणे कमी त्रासाचे.