यादी काढून टाका, ताई. मागणी मात्र सोडू नका

प्रश्न: मी सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. दोन महिने पगार नाही. एका मैत्रिणीचं पाहून मीही इन्स्टाग्रामवर गणवेशातला फोटो आणि ऑनलाइन दुकानातली विशलिस्ट (हव्या असलेल्या वस्तूंची यादी; ती पाहून कोणीही वस्तू विकत घेऊन पाठवू शकतं) टाकली: ड्युटीचे बूट, स्टेथोस्कोप आणि ड्युटी रूमसाठी टेबल फॅन. आठवडाभरात बूट आले. ते दवाखान्यासमोरच्या मेडिकलवाल्या भाऊंनी पाठवले होते. फॅन एका पेशंटच्या मुलाने पाठवला. थोड्या दिवसांनी तोच ओपीडीत आला. बाहेर मोठी रांग होती. म्हणाला, "ताई, मन्ही मायले पहिले देखी ल्या." मी त्यांना आधी आत घेतलं. तेव्हापासून मनाला चैन नाही. मैत्रीण म्हणते, "आपण कोणाच्या खिशात हात घालत नाही, लोक खुशीने देतात." आता ती वॉर्डातल्या बाळांचे फोटो लावून दूध पावडर आणि बाटल्या मागणार आहे, आणि मलाही सोबत घेते म्हणते. मी काय करू?

— एक परिचारिका

ताई,

यादी आजच काढा. पोस्ट नुसती लपवू नका, डिलीट करा. विशलिस्ट 'खाजगी' करून तिला जोडलेला पत्ताही काढून टाका. तुमचा फोटो, गाव, कामाचं ठिकाण आणि घरचा पत्ता एवढं सगळं अनोळखी माणसांच्या हाती एकत्र जाणं रात्रपाळी करणाऱ्या बाईसाठी धोक्याचं आहे. पोस्टमध्ये स्वतःचा क्यूआर कोड टाकला असेल तर तो सगळ्यात आधी काढा. अशी पोस्ट उचलून, कोड बदलून तुमच्याच नावाने पैसे गोळा करणं कोणालाही जमतं. तसं झाल्याचं कळलं तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

आता 'खुशीने देतात' याबद्दल. मागणारी आणि इंजेक्शन देणारी एकच बाई असते, तेव्हा देणाऱ्याची खुशी तपासायला काही मार्गच उरत नाही. फॅन पाठवणाऱ्याने "मी फॅन दिलाय" असं म्हटलं नाही. त्याला ते म्हणावंच लागलं नाही. आणि त्या रांगेत एखादी पावरा आदिवासी बाई पाड्यावरून दोन गाड्या बदलून, तापलेलं पोर घेऊन आली असेल, तर तिच्याकडे ना इन्स्टाग्राम आहे ना फॅनचे पैसे. नुकसान तिचं झालं. तुम्हाला हे जाणवलं, म्हणून तर पत्र लिहिलंत.

रावेर-यावलकडे बरा झालेला पेशंट केळीची फणी आणून टेबलावर ठेवतो आणि सगळा स्टाफ ती वाटून खातो. ती गोष्ट वेगळी. ती कोणी मागितलेली नसते, इलाज संपल्यावर आलेली असते, आणि दुपारपर्यंत संपते. तिच्याबद्दल मनात काही ठेवू नका.

मेडिकलवाल्या भाऊंचे बूट फॅनपेक्षा जास्त जड आहेत. त्यांचा धंदा तुमच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या चिठ्ठ्यांवर चालतो. "हे औषध आतल्या साठ्यात नाही, बाहेरून आणा" हे वाक्य दिवसातून अनेकदा परिचारिकाच बोलते. उद्या तुम्ही ते अगदी खरं बोललात, तरी ते बूट पायात असताना कोण विश्वास ठेवेल?

कायद्याचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 भेटवस्तूंवर मर्यादा घालतात, आणि परवानगीशिवाय वर्गणी किंवा वस्तू गोळा करायला मनाई करतात. लग्नकार्यात नातेवाइकांनी दिलेला आहेर यात अडकत नाही. ज्याचं तुमच्या खुर्चीशी काम पडतं त्याची भेट अडकते. कंत्राटी माणसाने आपला करारनामा काढून त्यातली वर्तणुकीची कलमं वाचावीत. पण "मी कुठे कायम आहे?" ही ढाल सगळीकडे चालत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 मधली लोकसेवकाची व्याख्या रुंद आहे. सरकारकडून मोबदला घेऊन सार्वजनिक काम करणारा तिच्यात येतो. कामाच्या बदल्यात गैरफायदा घेतल्याचं सिद्ध झालं तर शिक्षा 3 ते 7 वर्षांची आहे. प्रत्येक भेट ही लाच नसते. पण भेट, आणि तिच्या मागोमाग रांग मोडून दिलेला प्रवेश, या दोन गोष्टी कागदावर शेजारी आल्या की खुलासा तुम्हालाच करावा लागेल. तेवढी वेळ येऊ देऊ नका.

बूट वापरले असतील तर परत कसे करणार? किंमत परत करा. ऑनलाइन दुकानात त्या बुटांची किंमत दिसते, तेवढी रक्कम भाऊंना यूपीआयने पाठवा, शेऱ्यात 'बुटांची किंमत' लिहा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. पगार नाही म्हणून एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत द्या, पण पहिला हप्ता याच आठवड्यात जाऊ द्या. सोबत एवढंच लिहा: "भाऊ, तुमचा भाव कळला. पण दवाखान्यात काम करताना मला हे घेता येत नाही. राग मानू नका." रोख देऊ नका, रोखीचा पुरावा राहत नाही.

फॅन परत पाठवला तर त्या घराला अपमान वाटेल, आणि ड्युटी रूमला फॅनची गरज तर आहेच. तो रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे वळवा. त्या मुलाकडून चार ओळींचं पत्र घ्या: वस्तू, कंपनी, अंदाजे किंमत, 'रुग्णालयास विनाअट भेट', तारीख, सही. वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीची पोच त्याला द्या. मग फॅन जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) चढवा आणि नोंदीचा क्रमांक रंगाने फॅनवर टाका. नोंद न करता तो ड्युटी रूममध्ये ठेवलात, तर तुमची बदली झाल्यावर तो कोणाचा यावरून वाद होईल. आणि घरी नेलात, तर दवाखान्याचा फॅन नेला म्हणतील.

त्याची आई पुन्हा आली तर? "दादा, मायले काय होतंय ते सांगा. छातीत दुखतंय, दम लागतोय, तर आत्ता आत घेते. तसं नसेल तर नंबरानेच." हेच वाक्य सगळ्यांना, त्याच आवाजात. ओपीडीच्या दारावर फळाच लावून घ्या: दम लागणं, रक्तस्राव, छातीत दुखणं, झटके, बेशुद्धी, साप किंवा विंचू चावलेला, कळा सुरू झालेली बाई आणि मलूल पडलेलं बाळ, एवढ्यांना रांग नाही. फळा असला की तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

आता मुळाशी येऊ. तुम्हाला बूट लागतात, हवा लागते, पगार लागतो. यातलं काहीही चैनीचं नाही. एप्रिल-मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा ड्युटी रूममध्ये पंखा मागणं हा हट्ट नव्हे. चूक मागण्यात नाही, पत्त्यात आहे. लोकांकडे मागितलं की ज्याने द्यायचं तो मोकळा सुटतो. कागदोपत्री टंचाई दिसतच नाही, आणि पुढच्या वर्षीच्या मागणीतही तिचा आकडा येत नाही.

काही गोष्टी तर तुमच्या हक्काच्या आहेत. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार कर्मचाऱ्यांना पुरेशी संरक्षक साधनं देणं, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं आणि वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी करणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. हातमोजे, मास्क, एप्रन, कचरा हाताळणाऱ्यांचे गमबूट यांपैकी काहीही ऑनलाइन यादीत टाकू नका. हिपॅटायटिस बीचे तीनही डोस (0, 1 आणि 6 महिने) झालेत का, तेही तपासा. नसतील तर तेच पहिलं मागणीपत्र.

मागणीपत्रात "हातमोजे कमी पडतात" असं लिहिलं की ते फायलीत झोपतं. आकडा लिहा. समजा महिन्याला 40 बाळंतपणं होतात आणि एका बाळंतपणाला 4 जोड लागतात, तर 160 जोड. फाटणारे दहा टक्के धरून 176. साइज 6.5 किती, 7 किती. शिल्लक किती, मागच्या तीन महिन्यांत किती वापरले, शेवटचा साठा कोणत्या तारखेला आला. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती आपल्याकडे ठेवा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र, प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना. (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या भगिनींनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे जावं; वाट वेगळी आहे आणि चुकीच्या टेबलावर गेलेला कागद महिनाभर फिरत राहतो.) एकट्याने सही करण्यापेक्षा तिन्ही पाळ्यांच्या परिचारिकांच्या सह्या घ्या. फॅन, कूलर, पिण्याच्या पाण्याचं यंत्र अशा वस्तू रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर लेखी घालायला सांगा. समितीच्या निधीतून स्थानिक गरजा भागवता येतात. कूलर मिळाला तर त्याचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून टाकी घासण्याची जबाबदारी नावानिशी ठरवा, नाहीतर डेंग्यूचे डास दवाखान्यातच वाढतील.

पगारासाठी असाच कागद: कोणते महिने थकले, हजेरीपत्रकाची प्रत, सगळ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या सह्या, अधीक्षकांमार्फत जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकांकडे. घरखर्च अडला असेल तर भाऊ, बहीण, माहेर, जुनी मैत्रीण यांच्याकडे हातउसने मागायला संकोच करू नका. त्यांचं तुमच्या ओपीडीत काम अडलेलं नाही.

आणि कागद दाबला जातोय असं वाटलं, तर गावातल्या कोणाही नागरिकाला 10 रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात मागणीपत्रांची आणि साठा नोंदवहीची प्रत मागता येते. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. लोकांची मदत घ्यायची तर ही घ्या. ती सगळ्या दवाखान्याच्या कामाची आहे.

मैत्रिणीच्या बाळांच्या पोस्टबद्दल मात्र मला काळजी वाटते. तिला आजच थांबवा. दूध पावडर, बाटल्या आणि बाळांचं तयार अन्न दान करणं किंवा वाटणं याला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, अपवाद अनाथालयाचा. हा कायदा कोरडा वाटेल, पण त्यामागे मेलेली बाळं आहेत. डबा फुकट मिळतो, आई अंगावर पाजणं कमी करते, तिचं दूध आटतं, आणि डबा संपला की दुसरा घ्यायला पैसे नसतात. मग तीच पावडर पातळ करून, न उकळलेल्या पाण्यात, न धुतलेल्या बाटलीतून दिली जाते. जुलाब लागतात. नंदुरबारकडच्या पाड्यांवर, जिथे कुपोषण आधीच आहे, तिथे एवढं पुरेसं होतं. अति तीव्र कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात एफ-75 आणि एफ-100 हे उपचाराचं दूध बाळाच्या वजनानुसार मोजून दिलं जातं. ते बाजारातल्या डब्याचं काम नाही. शिवाय फोटो. आजारी बाळाचा चेहरा, मागे वॉर्ड, खाली गावाचं नाव: आईने भीतीपोटी मान हलवली तरी ती संमती धरू नका.

लोकांना खरंच काही द्यायचं असतं आणि त्यांना वाट दाखवणं हेही तुमचं काम आहे. त्यांच्याकडे रक्त मागा, अगदी मोकळेपणाने, ऑनलाइन. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात, आणि आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या सिकलसेलच्या मुलांना, बाळंतिणींना रक्त लागतच असतं. वय 18 ते 65, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5; पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. पोस्ट मात्र रक्तपेढीच्या नावाने असू द्या.

ज्याला धान्यच द्यायचं आहे त्याला 'निक्षय मित्र' व्हायला सांगा. क्षयरोग्याच्या संमतीने, त्याचं नाव जाहीर न करता, महिन्याला 3 किलो धान्य, दीड किलो डाळ, 250 ग्रॅम तेल आणि दूध पावडर किंवा 1 किलो शेंगदाणे अशी टोपली मोठ्या माणसाला देता येते, निदान सहा महिने. आपल्याकडची दादर ज्वारी, तूरडाळ आणि शेंगदाणे यात छान बसतात. नोंदणी निक्षय पोर्टलवर, चौकशी 1800-11-6666 वर.

औषधं देऊ इच्छिणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. अर्धवट वापरलेल्या पट्ट्या, फाटलेला बॅच नंबर, दोन महिन्यांवर आलेली मुदत. हे साठ्यात घेता येत नाही आणि टाकून देण्याचं काम तुमच्यावर येतं.

एक वेगळी वेळ सांगून ठेवते. परिचारिकेला स्वतःला मोठा आजार झाला किंवा तिच्या लेकराचं ऑपरेशन निघालं, तर तिने समाजाकडे जरूर मागावं. ते ती माणूस म्हणून मागते: गणवेशातला फोटो नाही, आपल्या दवाखान्याचं नाव नाही, स्वतःच्या पेशंटच्या ग्रुपवर नाही, आणि पैसे शक्यतो थेट इलाज करणाऱ्या रुग्णालयाच्या खात्यात.

मैत्रिणीला कसं सांगायचं, हे तुम्ही शेवटी विचारलं नाहीत, पण तेच तुम्हाला सगळ्यात अवघड जाणार. ग्रुपवर लिहू नका. तिथे चारचौघांत ती अडून बसेल. ड्युटी बदलताना बाजूला घ्या आणि म्हणा: "बाई, मी माझी यादी काढली. बुटांचे पैसे भाऊंना देतेय. दूध पावडरीची पोस्ट टाकू नकोस, त्याने आपण दोघी अडकू आणि बाळांचंही बरं होणार नाही. सोमवारी सगळ्यांच्या सह्यांनी मागणीपत्र देतेय. पहिली सही माझी, दुसरी तुझी."