देश फुटत असताना तिथली फुटबॉल लीग कशी चालते? युगोस्लाव्हियातल्या क्लबांचं नेमकं काय झालं?

यात दोन प्रश्न येतात. सहा प्रजासत्ताकांचा बनलेला युगोस्लाव्हिया फुटायच्या बेतात असताना तिथली लीग चालू कशी राहिली? आणि ‘मॅक्सिमिरच्या सामन्यातून युद्ध पेटलं’ असं जे सांगतात, ते कितपत खरं? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातला गैरसमज दूर झाला की पहिला सोपा होतो.

13 मे 1990 रोजी क्रोएशियातल्या झाग्रेबच्या मॅक्सिमिर मैदानावर दिनामो झाग्रेब आणि सर्बियातल्या बेलग्रेडचा रेड स्टार समोरासमोर येणार होते. आठवडाभर आधी, 6 आणि 7 मे रोजी, क्रोएशियातल्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीची दुसरी फेरी झाली होती आणि क्रोएट राष्ट्रवादी नेते फ्रान्यो तुज्मान यांचा पक्ष जिंकला होता. पण नवी संसद बसली 30 मे रोजी. म्हणजे सामन्याच्या दिवशी मैदानावर उभे असलेले पोलीस जुन्या राजवटीचे होते आणि स्टँडमधल्या प्रेक्षकांची नवी राजवट निवडून झाली होती. रेड स्टारच्या पाठीराख्यांनी, म्हणजे ‘देलिये’ गटाने, जाहिरातींचे फलक उखडून झाग्रेबच्या लोकांवर हल्ला केला. दिनामोच्या ‘बॅड ब्लू बॉइज’नी कुंपण तोडून मैदानात धाव घेतली. पोलिसांनी लाठ्या, अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे वापरले. एका चाहत्याला मारणाऱ्या पोलिसाला दिनामोचा कर्णधार झ्वोनिमिर बोबानने लाथ मारली, आणि त्या बंदीपायी त्याचा 1990 चा विश्वचषक हुकला. तो पोलीस सर्ब नव्हता, बोस्नियाक म्हणजे बोस्नियातला मुस्लिम होता. फोटोखालच्या ओळींत ही गोष्ट सहसा नसते.

आज त्या स्टेडियमबाहेर एक स्मारक आहे. याच मैदानावर त्या दिवशी सर्बियाशी युद्ध सुरू करणाऱ्या चाहत्यांना ते वाहिलेलं आहे. मृतांच्या आठवणीचा मान ठेवून सांगतो, इतिहास म्हणून ते पटत नाही. त्या दिवसानंतर 1990-91 चा अख्खा मोसम खेळला गेला. रेड स्टार पहिला आला, दिनामो दुसरा. मे 1991 मध्ये हेच दोन क्लब त्याच मॅक्सिमिरवर पुन्हा खेळले आणि सामना पूर्ण झाला. दंगलीने लीग मोडत नाही. वेळापत्रक, रस्ते, नोंदणीची कागदपत्रं आणि ‘निर्णय कोणाचा मानायचा’ ही शिस्त, या चार गोष्टी कोसळल्या की ती मोडते. युगोस्लाव्हियात या चौघी एकदम पडल्या नाहीत. शिस्त आधी गेली, रस्ते शेवटी.

शिस्तीला तडा राजकारणाच्याही आधी गेला होता. 1985-86 च्या शेवटच्या फेरीतले सामने ठरवून खेळल्याचा आरोप झाला आणि स्लाव्हको शायबरच्या अध्यक्षतेखालच्या फुटबॉल महासंघाने ती फेरी पुन्हा खेळायचा आदेश दिला. पहिल्या आलेल्या, बेलग्रेडच्याच पार्टिझानने नकार दिला, म्हणून विजेतेपद रेड स्टारला गेलं आणि युरोपियन चषकातही, म्हणजे युरोपातल्या लीगविजेत्यांच्या स्पर्धेतही, रेड स्टारच खेळला. पुढे न्यायालयाने निर्णय फिरवला आणि विजेतेपद पार्टिझानकडे परत आलं. 1986-87 मध्ये दहा क्लबांनी उणे 6 गुणांवरून मोसम सुरू केला. त्या गुणतक्त्यात स्कोप्येचा वार्दार पहिला आला आणि युरोपियन चषकात पोर्टोविरुद्ध खेळून बाहेरही पडला. मग ती गुणकपात रद्द ठरली आणि विजेता पुन्हा पार्टिझान. सलग दोन वर्षं युरोपात गेलेला क्लब वेगळा आणि नोंदीतला विजेता वेगळा! महासंघाचा शब्द शेवटचा नसतो, न्यायालयात जाऊन तो फिरवता येतो, हे सगळ्या प्रजासत्ताकांतल्या क्लबांनी तेव्हाच पाहून ठेवलं. माझ्या मते लीगच्या मरणाची खरी नोंद इथून धरावी.

त्या काळचे तक्ते पाहणार असाल तर एक खबरदारी घ्या. 1988-89 पासून बरोबरीचा सामना थेट पेनल्टी शूटआऊटवर जायचा. विजयाला 2 गुण, शूटआऊट जिंकणाऱ्याला 1, हरणाऱ्याला शून्य. समजा एखाद्या क्लबाचे 15 विजय आणि 8 बरोबऱ्या आहेत, आणि त्यातल्या 5 त्याने शूटआऊटवर जिंकल्या. त्याचे गुण 30 अधिक 5, म्हणजे 35. जुन्या पद्धतीने ते 38 झाले असते. म्हणून ‘बरोबरी’च्या रकान्यात कंसातला आकडा दिसला तर तो शूटआऊटवरच्या विजयांचा असतो. तो सोडून बेरीज केली तर ताळा जुळत नाही आणि लोक उगाच तक्ता चुकीचा ठरवतात. ठरवून केलेल्या बरोबऱ्या थांबाव्यात म्हणून हा नियम आणला होता.

पैशाचं थोडक्यात सांगतो. क्लब कारखान्यांच्या आणि स्थानिक पक्षयंत्रणेच्या आधारावर उभे होते. 1989 मध्ये महागाई इतकी भडकली की तिकीटविक्रीची रक्कम आठवड्याभरात कवडीमोल व्हायची. खरी कमाई एकच: खेळाडू परदेशात विकून जर्मन मार्क मिळवणं. पूर्वी 28 वर्षांचा होईपर्यंत खेळाडूला बाहेर जाता येत नसे, ती अट ऐंशीच्या दशकाअखेरीस सैल झाली. त्यामुळे 1987 मध्ये चिलीत युवा विश्वचषक जिंकणारी पोरं, म्हणजे बोबान, प्रोसिनेच्की, शुकर, मियातोविच, 1991 ते 1993 या काळात एकेक करून इटली-स्पेनला गेली. लीग कागदावर फुटायच्या आधीच तिच्यातला कस निघून चालला होता.

आता क्रोएशियातल्या स्प्लिटचं, हाय्दुक क्लबाचं पोल्युद स्टेडियम जरा जवळून पाहू. 4 मे 1980 रोजी तिथे हाय्दुक आणि रेड स्टार यांचा सामना चालू असताना पहिल्याच अर्धात खेळ थांबवून युगोस्लाव्हियाचा सर्वोच्च नेता मार्शल टिटो गेल्याची घोषणा झाली. खेळाडू मैदानात ढसाढसा रडले आणि अख्खं स्टेडियम टिटोच्या निष्ठेचं गाणं गाऊ लागलं. 26 सप्टेंबर 1990 रोजी त्याच स्टेडियममध्ये, हाय्दुक-पार्टिझान सामन्यात, हाय्दुकच्या ‘तोर्सिदा’ गटाचे चाहते मैदानात घुसले, पाहुण्या खेळाडूंना पळावं लागलं आणि खांबावरचा युगोस्लाव्ह झेंडा जाळला गेला. मधे फक्त दहा वर्षं. मात्र यावरून ‘आधीचं प्रेम खोटं होतं’ असा निष्कर्ष काढू नका. दोन्ही दिवशी लोक मनापासून वागत होते.

8 मे 1991 रोजी बेलग्रेडमध्ये मार्शल टिटो चषकाचा अंतिम सामना होता. सहा दिवसांपूर्वीच क्रोएशियातल्या बोरोवो सेलो गावात 12 क्रोएशियन पोलीस मारले गेले होते. अशा वेळी क्रोएशियाचा हाय्दुक सैन्याच्या नावाच्या स्टेडियममध्ये रेड स्टारशी खेळायला जातो, आलेन बोक्शिचच्या एकमेव गोलवर जिंकतो आणि चषक घेऊन स्प्लिटला परततो. तो चषक पुन्हा बेलग्रेडला गेलाच नाही, आजही हाय्दुककडे आहे. तीन आठवड्यांनी, 29 मे रोजी, इटलीतल्या बारीमध्ये रेड स्टारने मार्सेयला पेनल्टींवर 5-3 असं हरवून युरोपियन चषक जिंकला. त्या संघात मॅसेडोनियाचे पांचेव्ह आणि नायदोस्की, माँटेनेग्रोचा साविचेविच, क्रोएट वडील आणि सर्ब आई असलेला प्रोसिनेच्की, क्रोएट आई असलेला मिहायलोविच आणि रोमानियाहून आलेला बेलोदेदिच होते. रेड स्टारला केवळ सर्बांचा क्लब म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

25 जून 1991 रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. मोसम नुकताच संपला होता. हा योगायोग लीगच्या पथ्यावर पडला, कारण फूट दोन मोसमांच्या मधल्या फटीत आली. 1990-91 मध्ये 19 क्लब होते, म्हणजे प्रत्येकाचे 36 सामने आणि दर फेरीत एका क्लबाला सुट्टी. त्यातले दिनामो, हाय्दुक, रियेका, ओसियेक आणि ल्युब्ल्यानाचा ओलिंपिया असे पाच गेले. उरले 14. खालच्या विभागातून चार क्लब वर घेऊन संख्या 18 केली. तळाच्या क्लबांना खाली ढकलायची वेळच आली नाही.

पण युरोपातल्या जागा आधीच्या मोसमाच्या तक्त्यावर ठरतात. म्हणून फुटीचा परिणाम तिथे वर्षभर उशिरा दिसतो. 1991-92 मध्ये क्रोएशियाचे क्लब युगोस्लाव्हियाच्याच कोट्यातून खेळले, फक्त घरच्या मैदानाविना. हाय्दुकने टॉटेनहॅमविरुद्धचा ‘घरचा’ सामना ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये खेळून 1-0 ने जिंकला आणि लंडनमध्ये 2-0 ने गमावला. दिनामो, ज्याचं नाव तेव्हा हाश्क ग्राजान्स्की केलं होतं, क्लागेनफुर्टला गेला. गतविजेता रेड स्टारसुद्धा आपले घरचे सामने सेगेद, बुडापेस्ट आणि सोफियात खेळला. त्रयस्थ मैदानावर क्लबाचं तिकीटविक्रीचं उत्पन्न बुडतं, प्रवासाचा खर्च दुप्पट होतो आणि घरच्या प्रेक्षकांचा आधार जातो. या तिन्ही गोष्टी जमेस धरल्याशिवाय त्या वर्षीचे निकाल तोलू नयेत.

नव्या देशांची पुढची अडचण कागदांची. खेळाडू परदेशी क्लबात जाताना जुन्या राष्ट्रीय संघटनेचं हस्तांतर-प्रमाणपत्र लागतं, आणि ते मान्यताप्राप्त संघटनेचंच चालतं. फिफाने क्रोएशियाला 1992 च्या मध्यावर मान्यता दिली. तोवर क्लब एका देशात आणि खेळाडूची नोंद दुसऱ्या देशाच्या दप्तरात, अशी गत होती. स्लोव्हेनियाने 1991-92 मध्येच 21 क्लबांची लीग सुरू केली. एवढी मोठी संख्या, कारण वरच्या स्तराचा क्लब एकच होता आणि बाकीचे खालून गोळा करावे लागले. क्रोएशियाची पहिली लीग युद्धामुळे फेब्रुवारी 1992 मध्ये सुरू झाली आणि जूनपर्यंत उरकली. 12 क्लब होते आणि हाय्दुक जिंकला. जुने निकाल शोधताना नावांवर लक्ष ठेवा: दिनामो, हाश्क ग्राजान्स्की, 1993 पासून ‘क्रोएशिया झाग्रेब’ आणि 2000 मध्ये पुन्हा दिनामो, हा एकच क्लब आहे.

इकडे उरलेली लीग चालूच होती. मॅसेडोनियाने सप्टेंबर 1991 मध्येच स्वातंत्र्याचा कौल दिला होता, तरी वार्दार आणि पेलिस्तेर यांनी तो मोसम युगोस्लाव्ह लीगमध्ये पूर्ण केला आणि मगच आपली लीग मांडली. मोसम अर्धवट सोडायचा नाही, हे शहाणपण होतं. बोस्नियाच्या क्लबांना तेवढाही वेळ मिळाला नाही. 5 एप्रिल 1992 रोजी सारायेव्होच्या ग्रबावित्सा मैदानावर झेल्येझ्निचारचा सामना बेलग्रेडच्या रादशी होता. आसपास गोळीबार सुरू झाला आणि सामना होऊ शकला नाही. मग ते मैदानच आघाडीच्या रेषेवर आलं आणि स्टँड जळाला. सारायेव्हो, मोस्तारचा वेलेझ आणि तुझलाचा स्लोबोदा यांनाही मोसम पुरा करता आला नाही. एकट्या बान्या लुकाच्या बोरात्सने सर्बियात मुक्काम हलवून सामने खेळले. मोसमाच्या मध्यात क्लब गेला की साधारण नियम असा: निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर त्याचे सगळे निकाल रद्द, जास्त झाले असतील तर उरलेले सामने प्रतिस्पर्ध्याला 3-0 ने बहाल. अशा बहाल सामन्यांनी गोलफरक फुगतो. म्हणून 1991-92 च्या तक्त्यातल्या गोलसंख्येवर फार भिस्त ठेवू नका.

30 मे 1992 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या 757 क्रमांकाच्या ठरावाने खेळावरही निर्बंध आले. राष्ट्रीय संघ युरो 1992 स्पर्धेसाठी स्वीडनला पोहोचला होता, तो परत पाठवला गेला. प्रशिक्षक इव्हित्सा ओसिम आठवडाभर आधीच, आपल्या सारायेव्होवर तोफा डागल्या जात असताना, पद सोडून गेले होते. जागा डेन्मार्कला मिळाली आणि डेन्मार्क युरो जिंकला.

हे अटळच होतं का, असं कोणी विचारलं तर चेकोस्लोव्हाकियाकडे बोट दाखवावं लागेल. देश 1 जानेवारी 1993 रोजी विभागला, पण संयुक्त लीग जूनपर्यंत शेवटच्या फेरीसकट खेळली गेली, आणि विश्वचषकाची पात्रता फेरी ‘चेक आणि स्लोव्हाक प्रतिनिधी संघ’ या नावाने पुरी केली. तिथे तारीख आधी ठरली आणि गोळी सुटली नाही. सोव्हिएत संघात 1990 मध्ये जॉर्जियाचे दोन क्लब आणि लिथुआनियाचा झाल्गिरिस निघून गेले तेव्हा 16 ची लीग 13 वर आली, पण ती चालली.

सगळ्यात उशिरा सावरला तो बोस्निया. तिथे बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब अशा तीन वेगळ्या लीग झाल्या. पहिल्या दोन 2000 मध्ये एक झाल्या, सर्ब क्लब 2002 मध्ये आले. मोस्तारमध्ये तिन्ही समाजांच्या पोरांनी खेळवलेला, टिटो चषक 1981 आणि 1986 असा दोनदा जिंकलेला वेलेझ आपलं बियेली ब्रियेग स्टेडियम गमावून बसला. ते शहराच्या पश्चिम, म्हणजे क्रोएट भागात होतं. 1945 पासून बंदी असलेला आणि 1992 मध्ये पुन्हा उभा राहिलेला क्रोएट क्लब झ्रिन्यस्की आता तिथे खेळतो. वेलेझ शहराबाहेर व्राप्चिचीच्या छोट्या मैदानावर गेला आणि अजून तिथेच खेळतो.