पांढऱ्या एलईडीचा वेग नेमका कुठे अडतो?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या अंतिम वर्षात शिकतो. पांढऱ्या एलईडीच्या उजेडातून माहिती पाठवण्याचा आमचा प्रकल्प आहे. सेकंदाला १ मेगाबिटपर्यंत संदेश नीट पोहोचतो, पण १० मेगाबिटला चुकांचे प्रमाण फार वाढते. एलईडीचा विद्युतप्रवाह वाढवूनही फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : प्रवाह वाढवूनही फरक पडत नाही, त्याअर्थी आपली अडचण उजेडाच्या कमतरतेची नसून बहुधा दिव्याच्या मंदपणाची आहे. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश देणारी गॅलियम नायट्राइडची चिप असते आणि तिच्यावरचा फॉस्फरचा थर त्यातला काही प्रकाश शोषून पिवळा प्रकाश देतो. चिप चटकन विझते, फॉस्फर मात्र रेंगाळतो; त्यामुळे एका बिटचा उजेड पुढच्या बिटात सांडतो आणि दिव्याची बँडविड्थ, म्हणजे तो किती जलद बदल पेलू शकतो ती मर्यादा, साधारण २ ते ३ मेगाहर्ट्झवरच अडते.

तरीही आधी एक खात्री करून घ्यावी. त्याच सर्किटमध्ये फॉस्फर नसलेली साधी निळी एलईडी लावून पाहावी. चुका तशाच राहिल्या, तर दोष फॉस्फरचा नाही. प्रकाश टिपणाऱ्या मोठ्या क्षेत्रफळाच्या फोटोडायोडची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जास्त असण्याची किंवा त्यापुढचा अॅम्प्लिफायर संथ असण्याची शक्यता अधिक.

दोष फॉस्फरचाच ठरला, तर फोटोडायोडसमोर निळा फिल्टर लावणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. त्याने बँडविड्थ १० मेगाहर्ट्झच्या पुढे जाऊ शकते. मात्र पिवळा प्रकाश अडल्याने हाती येणारा संकेतही क्षीण होतो, त्यामुळे टेबलावर दिसलेला लाभ २ मीटर अंतरावर उरेलच असे नाही; मोजमाप प्रत्यक्ष वापराच्या अंतरावरच करावे. माझ्या मते आपल्या प्रकल्पाला इक्वलायझर, म्हणजे दिव्याचा मंदपणा भरून काढणारे सर्किट, अधिक उपयोगी पडेल. एलईडीशी एकसरीत रेझिस्टर आणि त्या रेझिस्टरला समांतर कॅपॅसिटर जोडल्यास मंद बदल दबतात व जलद बदलांना तुलनेने जोर मिळतो, अर्थात एकूण संकेताची ताकद काहीशी गमावून.

याच्याही पुढे जायचे, तर एकच जलद प्रवाह न पाठवता माहिती अनेक उपवाहकांवर, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारितेच्या लहरींवर, वाटावी आणि ज्या वारंवारितेवर संकेत स्वच्छ मिळतो तिथे अधिक बिट घालावेत. बर्लिनच्या हाइनरिश हर्ट्झ इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१० मध्ये याच पद्धतीने एका पांढऱ्या एलईडीतून सेकंदाला ५१३ मेगाबिट पाठवून दाखवले. या पद्धतीत संकेताची शिखरे उंच असतात आणि एलईडीचा प्रतिसाद सरळ रेषेत नसतो. म्हणून एलईडीचा स्थिर प्रवाह तिचा प्रतिसाद जवळपास सरळ असलेल्या भागाच्या मध्यभागी ठेवावा.