प्रश्न वाचकांचे : सहा इंचांच्या पडद्यावर मराठी

प्रश्न : माझ्याकडे सहा इंची ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारखा पडदा असलेलं पुस्तकं वाचायचं यंत्र आहे. जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ त्यावर उघडल्या की अक्षर मुंगीएवढं दिसतं. बोटांनी मोठं केलं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. दहा इंची यंत्र घेण्यावाचून इलाज नाही का?

उत्तर : इलाज आहे, आणि तो करून पाहिल्याशिवाय नवं यंत्र घेऊ नका. तीस वर्षं मी मुद्रितं तपासण्याचं काम केलं, त्यामुळे अक्षराचा आकार मी आधी पट्टीने मोजते. तुमचंही आधी मोजून घेऊ.

ए-फोर पानाची रुंदी २१० मिलिमीटर. सहा इंची पडद्याची रुंदी साधारण ९१. अख्खं पान त्यात बसवलं की १२ पॉइंटाचं (पॉइंट हे छपाईतलं अक्षराच्या आकाराचं माप) अक्षर ५ पॉइंटाचं होतं. ते कुणालाच वाचता येणार नाही, दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. पण त्या २१० मिलिमीटरमध्ये दोन्ही बाजूंचे कोरे समासही आले. मजकूर असतो जेमतेम १६० मिलिमीटरमध्ये. समास कापले की तेच अक्षर ७ पॉइंटाच्या जवळ येतं. आता यंत्र आडवं धरा. रुंदी ९१ची १२२ झाली आणि अक्षर ९ पॉइंटाचं. बऱ्याच जुन्या पुस्तकांतल्या तळटिपा याहून बारीक असायच्या. पान दोन-तीन भागांत वाचावं लागेल, पण डावी-उजवीकडे सरकवणं संपलं. डेमी आकाराची, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढी पुस्तकं असतील तर आडवं धरायचीही गरज नाही, समास कापले की पुरतं.

हे सगळं करू देणारं सॉफ्टवेअर मात्र हवं. मी कोरीडर वापरते. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडच्या यंत्रांवर ते घालता येतं. किंडलवर आधी जेलब्रेक करावा लागतो, म्हणजे कंपनीने यंत्रावर घातलेलं बंधन सोडवावं लागतं, आणि तो प्रत्येक यंत्रावर जमतोच असं नाही, तेव्हा त्या वाटेला जाण्यापूर्वी नीट चौकशी करा. ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारी पुस्तकाची फाइल), पीडीएफ, डेजाव्हू (स्कॅन केलेल्या पानांची फाइल), साधा मजकूर, सगळं ते उघडतं. विकत घेतलेली, कुलूप लावलेली पुस्तकं उघडत नाही.

समास कापण्याची सोय त्यात आपोआपही आहे आणि हाताने चौकट आखूनही. स्कॅनसाठी मी हातानेच आखते. जुन्या कागदाच्या कडेला डाग असतात, शिक्के असतात, आणि आपोआप कापणारी युक्ती त्या डागालाही मजकूर समजते. सम आणि विषम पानांचे समास वेगळे असतात हे ध्यानात ठेवा. चौकट आखल्यावर दोन्ही प्रकारची चार-चार पानं उलटून बघा, ओळीचं शेवटचं अक्षर कापलं जात नाही ना ते.

यानंतर कॉन्ट्रास्ट. पिवळा पडलेला कागद ई-इंकवर राखाडी दिसतो आणि अक्षर त्यात बुडतं. कॉन्ट्रास्ट वाढवला की कागद पांढरा होतो, अक्षर उठून येतं. फार वाढवू नका. एका स्कॅनमध्ये मी तो इतका चढवला होता की फिकट छापलेले अनुस्वार कागदाबरोबरच पुसले गेले. ‘मूल मांडीवर झोपलं’ हे वाक्य मी ‘माडीवर झोपलं’ असं वाचलं आणि पुढची दोन पानं ते मूल वरच्या मजल्यावरून खाली कधी आणलं हे शोधत राहिले. तेव्हापासून मी शिरोरेषेच्या वरच्या ठिपक्यांवर नजर ठेवून एक-एक पायरी वाढवते.

शेवटचा उपाय रिफ्लोचा. यात सॉफ्टवेअर पानाच्या चित्रातले शब्द सुटे करून पडद्याच्या रुंदीत नव्याने ओळी लावतं. देवनागरीला शिरोरेषेचा इथे फायदा होतो, शब्द एकसंध राहतो, मधोमध तुटत नाही. ओळी दाट असतील तर खालच्या ओळीची वेलांटी आणि वरच्या ओळीचा उकार एकमेकांत अडकतात, तेवढं सांभाळून घ्यावं लागतं. सलग गद्यासाठी जरूर वापरा. कवितेला लावू नका, ओळी मोडतात आणि कविता नाहीशी होते. जुन्या यंत्रावर पान उलटायला वेळही लागतो.

प्रश्न : मराठी ईपब उघडलं की जोडाक्षरं फुटतात, काही ठिकाणी नुसते चौकोन दिसतात. एका पीडीएफमधून परिच्छेद उचलला तर रोमन अक्षरांचा कचरा आला. यंत्राला मराठी येत नाही असं समजायचं का?

उत्तर : हे तीन वेगळे आजार आहेत.

चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. नोटो देवनागरी, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत. यातला एखादा उतरवून सॉफ्टवेअरच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाका. मला तिरो आवडतो, कारण त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. पुस्तकातच दुसरा फॉन्ट भरलेला असेल तर तो बंद करण्याची सोयही सेटिंगमध्ये आहे. पुष्कळांचा गोंधळ इथेच होतो : नवा फॉन्ट निवडतात, पान बदलत नाही, कारण पुस्तक आपलाच फॉन्ट पुढे करत असतं.

जोडाक्षरं फुटणं हा अक्षरजुळणीचा प्रश्न. आपण ‘कि’ लिहितो तेव्हा फाइलमध्ये आधी क असतो आणि नंतर वेलांटी. पडद्यावर ती उचलून क-च्या आधी मांडणं हे सॉफ्टवेअरचं काम. पूर्वी छापखान्यात हे जुळारी करायचा. ही जुळणी करणारा भाग बंद असेल किंवा नसेलच, तर वेलांट्या मागे राहतात आणि पाय मोडलेली अक्षरं उभी दिसतात. कोरीडरमध्ये कर्निंगच्या, म्हणजे अक्षरं एकमेकांशेजारी कशी बसवायची याच्या पर्यायांत सर्वांत वरचा दर्जा निवडा, मग ही जुळणी पूर्ण होते. थोडा वेग जातो, जाऊ द्या.

कोणतंही वाचन-सॉफ्टवेअर तपासायला मी एक ओळ ठेवली आहे : ‘किल्ल्यावरून दऱ्या दिसतात, दर्या दिसत नाही.’ वेलांटी, ल्ल्या आणि दोन्ही तऱ्हेचे र तिच्यात आले. ‘दऱ्या’ डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकाने अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीतही, यांची घडण वेगळी आहे, पहिल्यात ऱ हे निराळं अक्षर आहे. दोन्ही एकसारखे दिसले किंवा पहिल्यात र सुटा पडला, तर फॉन्ट बदला. आचाऱ्यांना बोलवायचं की आचार्यांना, हे त्या एका रेघेवर ठरतं. मराठी वाचकाने त्या बाबतीत तडजोड करू नये असं मला मनापासून वाटतं.

पीडीएफमधला रोमन कचरा हा जुन्या फॉन्टचा वारसा. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवून टंकला जायचा. डोळ्याला मराठी दिसतं, आत रोमन असतं. त्यामुळे अशा फाइलीत शब्द शोधता येत नाही, कोश उघडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत. बदलल्यावर रफार आणि अर्धा र एकदा तपासायचेच, तिथे चुका हमखास राहतात.

प्रश्न : शब्दावर बोट ठेवलं तरी कोशात ‘सापडला नाही’ असं येतं.

उत्तर : कोशात ‘घोडा’ आहे आणि तुम्ही बोट ठेवलंत ‘घोड्यावरून’वर. यंत्राला सामान्यरूप कळत नाही. शोधाच्या चौकटीत शब्द दुरुस्त करता येतो, प्रत्यय काढा आणि मूळ रूप टाका. कोरीडर स्टारडिक्ट नावाच्या पद्धतीच्या फाइलींतले कोश घेतं, कोशाचं फोल्डर योग्य जागी आहे ना तेही बघा.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे आहेत. हात कापतो, त्यामुळे पानं आपोआप उलटतात आणि कुठे वाचत होतो ते हरवतं. मग यंत्र बाजूला ठेवून देतात. त्यांना वाचायची फार आवड आहे.

उत्तर : माझ्या मोठ्या बहिणीचं हेच झालं होतं, म्हणून हे पत्र मी दोनदा वाचलं. तिने दोष स्वतःच्या हाताला दिला होता. खरं तर पडद्यावर बोट निसटतं लागलं तरी पान उलटायचं, आणि ते आपण बंद करू शकतो.

बोट सरकवून पान उलटणं आधी बंद करा. नुसता स्पर्शही बंद करता येतो, पण मग यंत्राला पान उलटायची खरी बटणं हवीत. ती असतील तर फारच छान. पडदा आपोआप फिरणं बंद करा. बहिणीसाठी आम्ही यंत्र टेबलावर घट्ट उशीला टेकवून ठेवलं, हातात धरायचंच नाही असं ठरवलं. निम्मा त्रास त्यानेच गेला.

अक्षर मोठं करताना त्याबरोबर ठळकही करा, तो पर्याय वेगळा आहे. ओळींमधलं अंतर वाढवा, कारण आपल्या मात्रा वर जातात आणि उकार खाली. आणि दोन्ही कडा सारख्या करणारी मांडणी काढून टाका. मोठ्या अक्षरात एका ओळीत चार-पाचच शब्द मावतात, त्यांना ताणून कडा जुळवल्या तर मध्ये भगदाडं पडतात आणि थकलेली नजर नेमकी तिथे अडखळते. डावी कड सरळ, उजवी मोकळी ठेवा. सहा पानांमागे एकदा पडदा पूर्ण ताजा होईल असं लावा, म्हणजे मागच्या पानाची सावली रेंगाळत नाही. तळाची आकड्यांची पट्टीही लपवा. किती टक्के उरलं हे बहिणीला नको होतं, वडिलांना विचारून बघा.

हे सगळं तुम्ही लावून द्या, पण अक्षराचा आकार त्यांना शेजारी बसवून त्यांच्या डोळ्यांनी ठरवा. आपल्याला अवाढव्य वाटतो तोच बहुधा त्यांचा असतो. पहिलं पुस्तक त्यांनी पूर्वी वाचलेलं, आवडीचं द्या. एखादं पान चुकून पुढे गेलंच, तरी गोष्टीत आपण कुठे आहोत हे त्यांना ठाऊक असेल, आणि मागे यायला ते तुम्हाला हाक मारणार नाहीत.