बोरिवलीच्या जंगलात मुलांना काय दाखवायचं?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही मुलांना बोरिवली नॅशनल पार्कला न्यायचंय. धाकट्याला वाघ बघायचाच आहे आणि मोठी घाबरतेय, कारण तिने ऐकलंय तिथे बिबटे मोकळे फिरतात. सफारी करून लगेच निघायचं की दिवसभर थांबण्यासारखं आहे?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे सोमवारी जाऊ नका, पार्क बंद असतं. आणि सकाळी होईल तितकं लवकर पोचा, सुट्टीत सफारीच्या तिकिटाला मोठी लाइन लागते. धाकट्याला आधीच सांगून ठेवा की सफारीतले वाघ-सिंह कुंपणातले असतात, जाळीच्या बसमधून बघायचे, आणि दिसले तरी बऱ्याचदा सावलीत आडवे पडलेले. मोकळा असतो तो बिबट्या, पण तो सहसा रात्री फिरतो, हरणं नाहीतर कडेच्या वस्तीतली भटकी कुत्री मारतो आणि दिवसा माणसं दिसली की स्वतःच बाजूला होतो. फक्त मुलांना एकटं पुढे पळू देऊ नका आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

पण नुसती सफारी करून परतू नका हो, कान्हेरीला जाच! गेटपासून सहा-सात किलोमीटर आत, शंभराच्या वर लेणी आहेत. ३ नंबरच्या लेण्यात बुद्धाच्या उंचच उंच मूर्ती आहेत, त्या सगळेच बघतात, मला मात्र तिथली पाण्याची सोय फार भारी वाटते. लेण्यांच्या बाहेर खडकात टाकी खोदलीयत आणि वरून पावसाचं पाणी त्यात यावं म्हणून दगडातच पन्हळी कोरल्यात. मुलांना एखाद्या पन्हळीवर बोट ठेवून ती कुठून निघते नि कुठे उतरते ते शोधू द्या, अर्धा तास सहज जाईल. याच जंगलातल्या तुळशी आणि विहार तलावांचं पाणी आजही मुंबईला जातं, हेही तिथेच सांगा म्हणजे डोक्यात बसेल.

पावसाळ्यानंतर झाडांच्या मधे जायंट वुड स्पायडरची मोठाली जाळी असतात, तळहाताएवढा काळा-पिवळा कोळी मधोमध बसलेला आणि धागे उन्हात चक्क सोनेरी दिसतात. लांबूनच बघा, जाळं तोडू नका.

आणि प्लीज, माकडांना काहीही खायला घालू नका. सवय लागली की ती पिशव्या ओढतात, मग लोक त्यांनाच दगड मारतात, हे बघून फार वाईट वाटतं. डबा सॅकमध्ये आत ठेवा, चेन लावून, हातात पिशवी नको. पाणी भरपूर घ्या, कान्हेरीचा कातळ दुपारी चांगलाच तापतो.