गोव्याच्या हद्दीवरच्या गावांत अजून गावठी औषध चालतं का? त्यावर विश्वास ठेवावा का?

चालतं की! गोव्यातली डिचोली, सत्तरी आणि महाराष्ट्रातलं दोडामार्ग या पट्ट्यात तर राज्याची हद्द त्याला कधी आडवी आलीच नाही. हात मुरगळला की गोव्यातला माणूस पलीकडच्या हाडवैद्याकडे जातो, आणि मोठं दुखणं निघालं की पलीकडचा माणूस बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, गोवा मेडिकल कॉलेजात म्हणजे गोमेकॉत येतो. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, ते उगाच नाही.

विश्वासाचं म्हणाल तर औषधापेक्षा देणारा हात बघा. झाडांची नावं काय, कोणीही सांगेल. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाऊन, कारीट फोडून झालं की सातविणीच्या (सप्तपर्णीच्या) सालीचा कडूजहर रस घोटभर घ्यायचा. आजी साल हुंगून बघायची, वरचा खरबरीत थर खरवडून टाकायची, मगच ठेचायला घ्यायची. पोराला किती, म्हाताऱ्याला किती, हे तिच्या ओंजळीला ठाऊक. विचारलं तर म्हणायची, "बघ नि शीक." हगवणीवर कुड्याची साल देतात, तिथंही सगळा खेळ प्रमाणाचा. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता इथल्या वैद्यांकडून अशीच माहिती गोळा करत होता; त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. म्हणून व्हॉट्सअॅपवर 'रोज एक चमचा' असं काही आलं तर तेवढ्यावर साल उगाळायला बसू नका.

दिष्ट (दृष्ट) काढणं हा वेगळा प्रकार. आमची ख्रिस्ती शेजारीण मीठ-मिरच्या ओवाळून प्रार्थना पुटपुटते, आणि तिच्याकडे हिंदूंचीही पोरं नेतात. पोर शांत होतं हे मी पाहिलंय. ताप उतरतो असं काही मी म्हणणार नाही.

माकडतापापुढे मात्र आजीचंही काही चाललं नसतं. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पालीत तो आला, मग दोडामार्ग, बांद्याकडेही निघाला. गोचिडीतून पसरतो, आणि नेमका काजूच्या दिवसांत. तिथं काढे उकळत वेळ घालवू नका, सरळ रक्त तपासा. साप चावला तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठा.

हाडवैद्याकडे जायचंच असेल तर आधी एक्स-रे काढा. जाणता हाडवैद्य तेल लावण्याआधी तोच मागतो. न बघताच कामट्या बांधायला लागला, तर उठून या.